उपजत आणि कमावलेलं : फँटसी खेळातल्या वंशांची फेरमांडणी (प्रकल्प नोंदी)

५ जुलै २०२५

वंशांचे नियम नव्याने लिहायचं काम आजपासून हाती घेतलं. नवं कॅम्पेन (अनेक बैठकांत चालणारी सलग गोष्ट) दिवाळीनंतर सुरू होईल, त्याआधी कागद तयार हवेत. पाया म्हणून डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून, पात्रांच्या भूमिका घेऊन खेळायच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीचा खुला नियमसंच, म्हणजे एसआरडी ५.१, घेतला आहे. जानेवारी २०२३ मध्ये तो क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली आला. त्यामुळे मूळ श्रेय देऊन त्यात काटछाट, भर, मराठीकरण सगळं उजळ माथ्याने करता येतं. त्यात नऊ वंश आहेत: ड्वार्फ (बुटके, दणकट), एल्फ (टोकदार कानांचे, दीर्घायुषी), हाफलिंग (माणसाच्या निम्म्या उंचीचे), माणूस, ड्रॅगनबॉर्न (ड्रॅगनच्या रक्ताचे), नोम (छोटे, कल्पक), हाफ-एल्फ, हाफ-ऑर्क (अर्धे माणूस, अर्धे ऑर्क; ऑर्क म्हणजे धिप्पाड, लढवय्ये) आणि टीफ्लिंग (शिंगांचे, सैतानी रक्ताचे).

कामाचं निमित्त एक पात्र आहे. आमच्यातल्या एका खेळाडूला अशी हाफ-ऑर्क खेळायची आहे, जी तान्ही असताना ड्वार्फांच्या किल्ल्याच्या दाराशी सापडली आणि तिथेच लहानाची मोठी झाली. नियमाप्रमाणे तिला काय मिळतं? समोरच्याला धाक घालण्याचं कौशल्य, कारण ती हाफ-ऑर्क. युद्धाचा हातोडा तिला चालवता येत नाही, लोहाराची हत्यारं हाताळता येत नाहीत, ड्वार्फी बोलता येत नाही, कारण ती ड्वार्फ नाही. ऑर्कांची भाषा मात्र तिला अस्खलित येते, जी तिने जन्मात ऐकलेली नाही.

एका पात्रापुरता हा प्रश्न डीएमच्या, म्हणजे खेळ चालवणाऱ्याच्या, "चालेल" या एका शब्दावर सुटतो. मला तसं नको आहे. आपण ज्या जगात खेळतो ते कसं आहे, हे खेळाडूला सगळ्यात आधी कॅरॅक्टर शीट, म्हणजे पात्राच्या नोंदींचा कागद, सांगते. गुण रक्तातून उतरतात असं शीट म्हणत असेल, तर डीएमने तोंडाने काहीही सांगितलं तरी जग तसंच राहतं.

पद्धत ठरली: प्रत्येक वंशाचा प्रत्येक गुण वेगळ्या कार्डावर लिहायचा आणि प्रत्येक कार्डाला एकच प्रश्न विचारायचा. हे मूल जन्मल्या दिवशी दुसऱ्यांच्या घरी गेलं, तर हा गुण त्याच्याबरोबर जाईल का? गेला तर उपजत. मागे राहिला तर शिकलेला.

६ जुलै

आधी काय काय होऊन गेलं ते एकदा सलग लिहून ठेवतो, म्हणजे टेबलावर वाद निघाला की हाताशी राहील.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या १९७४ च्या मूळ खेळात ड्वार्फ फक्त लढवय्या होऊ शकत होता आणि सहाव्या पातळीवर थांबत होता. १९८१ च्या बेसिक संचात ड्वार्फ, एल्फ आणि हाफलिंग हे वंशही होते आणि पेशेही. माणसाने ठरवायचं की मी चोर होईन की पुजारी; ड्वार्फाचा पेशा ड्वार्फ असणं हाच. एखाद्या ड्वार्फ मुलीला देवळात पुजारीण व्हावंसं वाटलं तर तिच्यासाठी कागदावर ओळच नव्हती. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीने पातळ्यांच्या मर्यादा काढून टाकल्या. तिथेच हाफ-ऑर्कला ताकद अधिक २, बुद्धी उणे २, छाप (समोरच्यावर पडणारा प्रभाव) उणे २ असे आकडे लावले. २०१४ च्या मुख्य पुस्तकात उण्याचे आकडे नव्हते, पण २०१६ च्या पूरक पुस्तकात ऑर्क खेळायला दिला तो पुन्हा बुद्धी उणे २ घेऊनच. २०२० मध्ये तो आकडा खोडला गेला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नवा पर्यायी नियम आला: वंशाचे वाढीव गुण हव्या त्या क्षमतेवर लावा, शस्त्रांची प्रोफिशियन्सी (सराव असल्याबद्दल मिळणारा वाढीव आकडा) बदलून घ्या. २०२४ च्या मुख्य पुस्तकात क्षमतांचे आकडे वंशाकडून काढून पूर्वायुष्याकडे दिले. शेतकरी असाल तर ताकद, काटकपणा आणि शहाणपण यांतून वाढ घ्यायची.

दिशा चांगलीच आहे, आणि उण्याचे आकडे गेले याचा मला मनापासून आनंद आहे. पण २०२० चा नियम मला अर्धवट वाटतो. प्रोफिशियन्सी बदलून घ्या म्हणताना, ती कुठून आली हे तो विचारत नाही. २०२४ मध्ये ड्वार्फाचं शस्त्रशिक्षण कागदावरून पूर्णच गेलं. ड्वार्फांनी आपल्या पोरांना पिढ्यान्‌पिढ्या जे शिकवलं त्यासाठी आता जागाच नाही. किल्ल्यात वाढलेला आणि बंदरावर वाढलेला ड्वार्फ सारखेच, फक्त एकाचं पूर्वायुष्य सैनिक आणि दुसऱ्याचं खलाशी. रक्ताचं ओझं उतरवलं ते बरं झालं, पण त्याबरोबर घरही गेलं. मला घर परत हवं आहे.

१२ जुलै

ड्वार्फाची कार्डं लावली.

उपजत: अंधारात ६० फुटांपर्यंत दिसणं. विषाविरुद्ध सेव्हिंग थ्रोवर (बचावासाठी टाकायच्या फाशावर) अ‍ॅडव्हान्टेज (दोन फासे टाकून मोठा आकडा घेणं) आणि विषाची इजा निम्मी. जड चिलखतातही चाल मंद न होणं (थोडी घासाघीस झाली, पण सांध्यांची आणि हाडांची ठेवण म्हणून ठेवलं). शिकलेलं: परशू, हातपरशू, हलका हातोडा, युद्धाचा हातोडा; लोहार, मद्य गाळणारे किंवा गवंडी यांपैकी एकाची हत्यारं; ड्वार्फी भाषा.

खरं काम निघालं ते स्टोनकनिंगवर. एसआरडी ५.१ मध्ये दगडी बांधकामाच्या उगमाबद्दल इतिहासाची तपासणी करताना ड्वार्फाला दुप्पट प्रोफिशियन्सी मिळते. म्हणजे ही कमान कोणत्या काळातली, कोणत्या घराण्याच्या कारागिरांची, हे त्याला कळतं. इतिहास कोणी पोटातून घेऊन येत नाही, तो आजीच्या तोंडून येतो. मग २०२४ च्या पुस्तकात हाच गुण उघडला. नाव तेच, पण आता ड्वार्फ दगडावर उभा राहिला की ६० फुटांपर्यंतचे हादरे त्याला दहा मिनिटं अंगाने जाणवतात. आधी शिकलेली गोष्ट होती, तिचं इंद्रिय झालं. वंशाच्या पानावर फक्त उपजत तेवढंच ठेवायचं ठरलं, तेव्हा जुन्या नावाला नवं शरीर मिळालं. निर्णय म्हणून तो सुसंगत आहे. पण बांधकाम पाहून कारागिराचं घराणं ओळखणारा ड्वार्फ मला जास्त प्रिय आहे आणि तो मी सोडणार नाही. दोन कार्डं केली: "दगडाचे हादरे" उपजत, "दगडाची ओळख" शिकलेलं. पहिलं फक्त ड्वार्फाला. दुसरं, किल्ल्यात वाढलेल्या कोणालाही.

जुन्या आवृत्त्यांत याहून उघड उदाहरण आहे. तिसऱ्या आवृत्तीत (तिची २००३ ची सुधारित प्रतही धरून) ड्वार्फाला राक्षसांच्या वारांपासून बचावासाठी अधिक ४ मिळतात, आणि नियमातच लिहिलं आहे की हे खास प्रशिक्षणाचं फळ, आधीच्या पिढ्यांनी राक्षसांशी लढताना शोधलेल्या युक्त्या. प्रशिक्षण म्हणायचं आणि नोंद मात्र वंशाच्या पानावर करायची. ज्या ड्वार्फाने जन्मात राक्षस पाहिला नाही, ज्याचा बाप शहरात सोनारकाम करतो, त्यालाही ते अधिक ४ मिळणार.

१३ जुलै

सगळ्या भाषा: शिकलेल्या. यावर चर्चा नाही.

१९ जुलै

अदलाबदलीची कसोटी खरोखरच्या प्राण्यांवर लावून पाहिली, कारण दोनच ढिगांत सगळं बसेल का याची शंका होती.

कोकिळेचं उदाहरण आपल्या दाराशीच आहे. ती अंडी घालते कावळ्याच्या घरट्यात. पिल्लू कावळ्यांच्या चोचीतून घास घेत वाढतं, कावकाव ऐकत वाढतं, आणि नर मोठा झाला की कुहूकुहूच करतो. कोकीळ कुळातले पक्षी हाक शिकत नाहीत, ती घेऊनच येतात. कसोटी स्वच्छ लागली: उपजत.

पण गाणाऱ्या पक्ष्यांचं तसं नाही. पीटर मार्लर यांनी कॅलिफोर्नियातल्या पांढऱ्या डोक्याच्या चिमण्यांवर काम केलं. सॅन फ्रान्सिस्को खाडीच्या परिसरात गावागणिक त्यांची बोली वेगळी. पिल्लाला एकटं वाढवलं तर ते गातं, पण गाणं मोडकं निघतं. लहानपणच्या ठरावीक आठवड्यांत मोठ्यांचं गाणं कानावर पडलं तरच ते नीट गातं, आणि ध्वनिमुद्रित गाणी ऐकवली तर आपल्या जातीचं उचलतं, दुसऱ्या जातीचं सोडून देतं. म्हणजे गाणं शिकलेलं, पण काय शिकायचं याची ओढ उपजत.

त्यामुळे तिसरा ढीग काढला: तयारी. इथे अंगात पाया असतो, पण शिकवणारा भेटला नाही तर त्याचं काही होत नाही. एल्फाची तीक्ष्ण नजर इथे टाकली. एसआरडीत तिला निरीक्षणाची प्रोफिशियन्सी म्हटलंय. कान-डोळे चांगले असणं उपजत; वाळलेल्या पानावर पडलेलं पाऊल हरणाचं की माणसाचं हे ओळखणं कोणीतरी दाखवावं लागतं. नियम असा: तयारीचं कार्ड सुरुवातीला पालथं असतं. पात्राच्या घरात ते शिकवणारं कोणी असेल तर उताणं करायचं. नसेल तर खेळात जेव्हा असा माणूस भेटेल तेव्हा, आणि तेही इतरांना लागतो त्याच्या निम्म्या वेळात.

२६ जुलै

क्षमतांचे आकडे. इथेच सगळ्यात जास्त आवाज चढतात, म्हणून बोलण्याआधी हिशोब केला.

सहा बाजूंचे तीन फासे टाकून ताकद ठरवायची ही जुनी पद्धत धरली. सरासरी साडेदहा. हाफ-ऑर्कला त्यावर २ जास्त. आता कोणताही एक माणूस आणि कोणताही एक हाफ-ऑर्क समोरासमोर उभे केले, तर माणूस जास्त ताकदीचा निघण्याची शक्यता किती? सहा फाशांच्या ४६,६५६ शक्यता होतात. त्यांतल्या १३,०३५ मध्ये माणूस सरस, ३,९०६ मध्ये बरोबरी. म्हणजे शंभर जोड्यांतल्या साधारण २८ जोड्यांत माणूसच भारी पडतो. वंशाचा म्हणून जो फरक सांगितला जातो, त्याच्यापेक्षा एकाच वंशातल्या दोघांमधला फरक मोठा असतो.

आणि खेळात या २ ची किंमत काय? वीस बाजूंच्या फाशावर अधिक १, म्हणजे पाच टक्के. एवढ्याने कोणी जिंकत-हरत नाही. पण पात्र निवडताना हेच पाच टक्के सगळं ठरवतात. क्षमतांना वाटून द्यायच्या ठरावीक आकड्यांतला सर्वांत मोठा १५ बुद्धीला दिला, तर नोम जादूगार १७ वर जातो आणि त्याला अधिक ३ मिळतो. हाफ-ऑर्क जादूगार १५ वरच राहतो, त्याला अधिक २. मग खेळाडू म्हणतो, जाऊ दे, हाफ-ऑर्क आहे तर बार्बेरियनच (रांगडा लढवय्या) घेतो. असं प्रत्येक टेबलावर झालं की खेळातल्या सगळ्या गावांत हाफ-ऑर्क म्हणजे कुऱ्हाड आणि नोम म्हणजे पोथी. कोणी तसा हुकूम काढलेला नसतो, तरी जग तसं बनतं.

यातून माझा नियम निघाला आणि या प्रकल्पात मला सांगायचं आहे ते हेच: असणं-नसणं हे वंशाचं, कमी-जास्त हे व्यक्तीचं. ड्रॅगनबॉर्नच्या तोंडून ज्वाळा निघते, माणसाच्या निघत नाही. एल्फ चार तास ध्यानात बसून आपली विश्रांती पुरी करतो, बाकीच्यांना झोप लागते. हे एकतर असतं किंवा नसतं. ताकद, बुद्धी, छाप ही सगळ्यांना असते, कोणाला कमी, कोणाला जास्त, आणि ती ज्याची त्याने आपल्या पात्रासाठी ठरवावी. म्हणून आमच्या टेबलावर क्षमतांचे वाढीव आकडे वंशाला नाहीत, पूर्वायुष्यालाही नाहीत. एक अधिक २ आणि एक अधिक १, खेळाडूला हवे तिथे.

एकाने लगेच हरकत घेतली: "अरे, तीन फुटांचा हाफलिंग आणि सात फुटांचा गोलायथ, दोघांची ताकद सारखी कशी असेल?" (गोलायथ हा एसआरडीच्या यादीबाहेरचा धिप्पाड वंश.) हरकत योग्य आहे. तिचं उत्तर ताकदीच्या आकड्यात शोधण्याऐवजी आकारमानात शोधलं. लहान आकाराच्या पात्राला अवजड शस्त्र चालवताना डिसअ‍ॅडव्हान्टेज (दोन फाशांतला छोटा आकडा घेणं) असतोच. त्यात तिसऱ्या आवृत्तीतला जुना नियम परत आणला: लहान आकाराला ओझं तीन-चतुर्थांशच पेलवतं. गोलायथ ओझ्यापुरता एक आकार मोठा धरला जातो, ते तसंच ठेवलं. शरीराचा फरक खरा असेल तर तो शरीराच्याच शब्दांत सांगावा.

२ ऑगस्ट

शरीराचं काय आणि सरावाचं काय हे नुसतं बघून ओळखू येईल, असा काहींचा सूर होता. त्यासाठी दोन खरी उदाहरणं टेबलावर ठेवली.

अंदमान समुद्रातल्या बेटांवर, थायलंड आणि म्यानमारच्या किनाऱ्यांना, मोकेन लोक राहतात. त्यांची मुलं पाण्याखाली उघड्या डोळ्यांनी शिंपले गोळा करतात. स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठातल्या अ‍ॅना गिसलेन यांनी २००३ मध्ये दाखवलं की पाण्याखाली या मुलांना युरोपीय मुलांच्या दुपटीहून बारीक दिसतं. ती बुबुळातली बाहुली अगदी बारीक करतात आणि डोळ्याचं भिंग जास्त फुगीर करून वापरतात. ऐकणारा म्हणेल, डोळेच वेगळे. पण नंतर स्वीडिश मुलांकडून सराव करून घेतला, तर त्यांनाही ते जमलं.

इंडोनेशियातले बजाऊ हे दुसरे दर्याफिरस्ते. २०१८ मध्ये मेलिसा इलार्डो आणि सहकाऱ्यांनी मोजलं, तर शेजारच्या सालुआन लोकांपेक्षा त्यांची प्लीहा सुमारे निम्म्याने मोठी निघाली. पाण्यात न उतरणाऱ्या बजाऊंचीही. त्यामागे एका जनुकाचा संबंध दिसला. इथे ऐकणारा म्हणेल, बुड्या मारून मारून वाढली असेल. तेही चूक.

दोघेही समुद्राचे, दोघेही बुडी मारणारे, आणि उत्तरं उलटी. बाहेरून पाहून सांगता येत नाही. आणखी एक गोष्ट: बजाऊंची प्लीहा सरासरीने मोठी आहे, म्हणजे कमी-जास्तची बाब. असण्या-नसण्याची नव्हे. म्हणून माणसांतल्या कोणत्याही समाजाला, देशाला, वस्तीला आमच्या नियमांत उपजत कार्ड एकही मिळणार नाही. हे पहिल्याच पानावर ठळक छापायचं.

९ ऑगस्ट

हाफ-ऑर्कचं "धाक घालणं" हे कार्ड. कोणत्या ढिगात? माझा कल "शिकलेलं" कडे होता. पण ज्या खेळाडूचं ते पात्र आहे ती म्हणाली, "माझ्या पात्राने कोणाला घाबरवायला शिकलेलंच नाही. समोरचा घाबरतो, तर ते कार्ड समोरच्याच्या हातात द्या ना."

हे इतकं नेमकं होतं की लगेच मान्य केलं. कार्ड वंशातून पूर्ण काढलं. आता ज्या वस्तीत ऑर्कांच्या धाडीची आठवण ताजी आहे, त्या वस्तीच्या नोंदीत लिहायचं: इथले लोक ऑर्क दिसला की बिचकतात. त्याचा फायदा कधी होईल, आणि धर्मशाळेत जागा मिळताना तोटाही होईल. ऑर्क नसलेल्या गुंडालाही धाक घालता येतो, त्याने तो शिकून घ्यावा.

एसआरडीतला आणखी एक परिच्छेद यासोबत गेला: हाफ-ऑर्कला ऑर्क पालकाकडून बेबंदपणाकडे कल मिळतो आणि चांगुलपणाकडे त्याचा फारसा ओढा नसतो, असा. मी तो कोणत्याही ढिगात ठेवणार नाही. डोळ्यांची ठेवण रक्तातून येते हे मी मानतो. नीतिमत्ता रक्तातून येते, हे आमच्या टेबलावर कोणी कागदावर वाचावं असं मला वाटत नाही. आमच्यात दोन शाळकरी मुलंही खेळायला बसतात.

१५ ऑगस्ट

सुट्टीमुळे बाकीचे वंश उरकले.

नोम: जादूविरुद्ध मनाचा टिकाव उपजत, यंत्रांची माहिती आणि चावीची खेळणी बनवणं शिकलेलं. हाफलिंग: चपळपणे मोठ्यांच्या पायांतून निसटणं उपजत. नशीब (१ पडला की पुन्हा टाकणं) हे शरीरही नाही, शिक्षणही नाही, पण अदलाबदल केली तरी बाळाबरोबर जातं, उपजत. निर्भयतेवर बराच वेळ गेला. शेवटी तयारी: हाफलिंगला भीती वाटते, पण घरात भीतीचं नाव काढून तिच्याशी बोलायची रीत असेल तर ती अंगावर येत नाही.

एल्फ आणि टीफ्लिंग यांची जादू शेजारीशेजारी ठेवल्यावर एक छान गोष्ट दिसली. हाय एल्फाला (एल्फांची एक पोटशाखा) एक छोटा मंत्र येतो आणि तो बुद्धीवर चालतो. टीफ्लिंगचे मंत्र छापेवर चालतात आणि तिसऱ्या व पाचव्या पातळीला आपोआप उमलतात. नियम लिहिणाऱ्यांनी भेद आकड्यांतच करून ठेवला आहे. पहिलं पाठ केलेलं, दुसरं वयात येताना उगवणारं. त्याप्रमाणे ढीग लावले.

माणसाचं कार्ड मात्र कोरं राहिलं. एसआरडीत त्याला सगळ्या क्षमतांना अधिक १ आणि एक जादा भाषा, बस्स. आकडे काढले, भाषा शिकलेली. माणसाला एक जादा शिकलेलं कार्ड दिलं, तेही घराबाहेरचं: ज्या परक्या वस्तीत तो एक पावसाळा राहिला तिथलं.

२३ ऑगस्ट

इतर खेळांनी हे कसं हाताळलं ते पाहिलं. पाथफाइंडरची दुसरी आवृत्ती (२०१९) वंशाचे गुण एकदम देत नाही. पहिल्या, पाचव्या, नवव्या, तेराव्या आणि सतराव्या पातळीला एकेक निवडायचा. त्यातच दत्तक घराण्याचा एक फीट (निवडून घ्यायचा खास गुण) आहे: ज्या लोकांत वाढलात त्यांचे गुण निवडता येतात, अट एवढीच की त्यासाठी लागणारं शरीर तुमच्याकडे असलं पाहिजे. माझ्या तीन ढिगांचं सार या एका अटीत आहे. लेव्हल अप (२०२१) वारसा आणि संस्कृती असे दोन स्वतंत्र रकानेच देतो. २०२५ मध्ये आलेला डॅगरहार्टही वंश आणि समुदाय वेगळे निवडायला लावतो.

पाथफाइंडरकडून टप्प्याटप्प्याने देण्याची कल्पना घेतली, पण फक्त शिकलेल्यासाठी. नवव्या पातळीला ड्वार्फाला अचानक वेगळे डोळे फुटू नयेत. घरी जाऊन चुलत्याकडून नवा डाव शिकून यावा.

६ सप्टेंबर

चाचणीचं सेशन झालं. नियम: वंशाची सगळी उपजत कार्डं, आणि घरची तीन शिकलेली, वंश कोणताही असो. प्रत्येक शिकलेल्या कार्डाखाली दोन ओळी भरायच्या: कोणी शिकवलं, आणि त्यासाठी काय सोसलं.

या दोन ओळींनी खेळ बदलला. किल्ल्यात वाढलेल्या हाफ-ऑर्कने "दगडाची ओळख" घेतलं होतं. खाली लिहिलं होतं: किल्ल्याची म्हातारी गवंडीण, तिच्या हाताखाली दोन हिवाळे चुना मळला, बोटांची सालं निघाली. सेशनमध्ये खाणीतल्या एका जुन्या बोगद्यात वाट पुढे जात होती आणि वर कमान होती. खेळाडूने फासा उचलायच्या आधीच सांगितलं, "मी हातोड्याच्या दांड्याने एकेक दगड ठोकत जाते. खणखणीत वाजला तर पुढे. बद्द वाजला तर तिथे आतून चुना सुटलाय." मग फासा टाकला. मधला दगड बद्द वाजला. ती म्हणाली, "ही कमान घाईत बांधलीय. आमच्या म्हातारीने असली कमान पाहिली असती तर बांधणाऱ्याला जेवायला दिलं नसतं." त्यावरून पुढचा अर्धा तास सगळे हेच शोधत बसले की ड्वार्फांना इथे घाई कसली होती. ते मी आधी ठरवलेलं नव्हतं; टेबलावरच ठरलं, आणि कॅम्पेनचा एक धागा हाती आला.

शेजारी एक खरा ड्वार्फ होता, बंदरावर वाढलेला. त्याला पायाखालचे हादरे जाणवले, पण त्यांचा अर्थ लावता येईना. "काहीतरी हलतंय" एवढंच तो म्हणू शकला. त्याच्या अंगातलं आणि तिच्या हातातलं, दोन्ही लागलं तेव्हा सगळे बोगद्यातून सुखरूप बाहेर पडले. जुन्या नियमांत ही दोन्ही कामं एकट्या ड्वार्फाने केली असती आणि ती बाजूला उभी राहिली असती.

७ सप्टेंबर

चाचणीनंतरचे बदल. "काय सोसलं" ही ओळ ऐच्छिक केली, कारण प्रत्येक शिकवणीत दुःख शोधायची गरज नाही. काही गोष्टी लाडातही शिकवल्या जातात. दोन वंशांच्या पालकांच्या मुलांसाठी: उपजत कार्डं दोन्हींकडची मिसळून, ठरलेल्या संख्येत, खेळाडूच्या पसंतीने, शिकलेली कार्डं वाढलेल्या घरची. २०२४ च्या पुस्तकात हाफ-एल्फ आणि हाफ-ऑर्क हे स्वतंत्र वंश राहिले नाहीत. आमच्याकडे ते राहतील. ज्यांचे आईबाप दोन तऱ्हांचे आहेत त्यांना कागदावर जागा हवी.

२० सप्टेंबर

शेवटचा मोठा प्रश्न एल्फाचा. एसआरडीनुसार एल्फ शरीराने माणसाइतक्याच वयात वाढतो, पण स्वतःला प्रौढ म्हणवतो तो शंभरीच्या आसपास, आणि साडेसातशे वर्षं जगू शकतो. आयुष्याची लांबी उपजत. पण मधल्या ऐंशी वर्षांत त्याने काय केलं? ज्याला एवढा वेळ आहे त्याला सहा-सात शिकलेली कार्डं द्यायला हवीत. ती दिली तर बाकीच्यांचा खेळ फिका पडतो.

तीनच कार्डं ठेवली आणि एल्फासाठी कार्डाखाली एक तिसरी ओळ वाढवली: शिकवणारा आज हयात आहे का? आमच्या एल्फ खेळाडूने पहिलं कार्ड भरलं. तलवारीला पाणी द्यायची एक रीत, एका माणूस लोहाराकडून शिकलेली. लोहार जाऊन सत्तर वर्षं झाली, त्याचा मुलगा शेतीकडे वळला, आणि माणसांमध्ये ती रीत आता कोणालाच येत नाही. त्या गावातल्या पोरांना ती परत शिकवायची की नाही, यावर पहिल्याच सेशनची सुरुवात करायचं ठरलं आहे.

कार्डांचा मजकूर मराठीत पक्का झाला. श्रेयाची ओळ मागच्या बाजूला टाकली. ड्रॅगनबॉर्नच्या ज्वाळेचं कार्ड तेवढं लांबलंय, ते कापून छपाईला देतो.